मासळीची आवक आणि समुद्राची प्रकृती : कोकण किनाऱ्यावरील मासेमारीच्या इतिहासाचे एक वाचन

प्रस्तावना

सन २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २.०१ लाख टन सागरी मासळी उतरली. आदल्या वर्षी हाच आकडा २.९५ लाख टन होता. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ही आकडेवारी प्रसिद्ध केली तेव्हा गेल्या पंचेचाळीस वर्षांतील हा नीचांक असल्याची नोंद झाली आणि वृत्तपत्रांतून 'मत्स्यदुष्काळ' हा शब्द पुन्हा एकदा वापरला गेला. त्या वर्षी अरबी समुद्रात 'वायू', 'हिक्का', 'क्यार' आणि 'महा' अशी एकामागून एक चक्रीवादळे आली होती व मासेमारीचे कितीतरी दिवस वाया गेले होते. तेव्हा मासळी कमी झाली, की मासळी पकडण्याचे दिवस कमी झाले, हा प्रश्न स्वाभाविकपणे निर्माण होतो. आकडा एकच आहे. त्याचे अर्थ मात्र दोन होतात आणि केवळ त्या आकड्याकडे पाहून त्यांपैकी एकाची निवड करता येत नाही.

हा प्रश्न केवळ मत्स्यशास्त्रज्ञांचा नाही. कोकण किनाऱ्याचा आर्थिक इतिहास लिहू पाहणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाला तो भेडसावतो. शेतीच्या इतिहासात पिकाखालील क्षेत्र आणि उत्पन्न या दोन्ही बाबी महसुली दप्तरात सापडतात, म्हणून जमिनीचा कस वाढला की उतरला याविषयी काही अनुमान बांधता येते. समुद्राला सातबारा नाही. बंदरावर उतरलेल्या मासळीचे वजन, म्हणजे 'आवक', एवढेच सरकारी दप्तरात येते. ती मिळविण्यासाठी किती होड्या किती खोल गेल्या, किती तास जाळे पाण्यात राहिले, पूर्वी जेथे मासळी मिळे तेथे आता मिळते किंवा नाही, या बाबी बहुधा नोंदीबाहेर राहतात.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे, की किनारी परिसंस्थेच्या प्रकृतीचा इतिहास लिहिण्यासाठी आवकेच्या आकड्यांपेक्षा किनाऱ्यावरील तंट्यांची कागदपत्रे अधिक विश्वसनीय साधन ठरतात. हद्दीची भांडणे, अर्जफाटे, चौकशी समित्या, कायदे आणि त्यांतील दुरुस्त्या यांत समुद्राच्या आरोग्याची एक अप्रत्यक्ष, पण सलग नोंद झालेली आहे. ज्या पाण्यात सर्वांना पुरेसे मिळते तेथे सहसा कोणी हद्द मागत नाही.

वसाहतकालीन दृष्टी : मीठ, जात आणि अक्षय्य समुद्र

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे रत्नागिरी-सावंतवाडी (१८८०), ठाणे (१८८२) आणि कुलाबा-जंजिरा (१८८३) हे खंड आपल्या विषयाची पहिली सविस्तर साधने होत. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेल्या या खंडांत मासळीच्या जाती, जाळी, होड्या आणि मासेमारी करणाऱ्या जाती यांचे वर्णन आढळते. वर्णन बारकाईचे आहे. परंतु त्यात समुद्र हा कोठेही कमी-अधिक होणारा साठा म्हणून येत नाही. तो एका जातीच्या उपजीविकेची पार्श्वभूमी म्हणून येतो.

हे केवळ गॅझेटियरकारांचे अज्ञान म्हणता येणार नाही. १८८३ मध्येच लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय मत्स्योद्योग प्रदर्शनात टी. एच. हक्स्ले यांच्यासारख्या अग्रगण्य शास्त्रज्ञाने मोठ्या सागरी मत्स्यसंपत्तीला मानवी मासेमारीने धक्का पोहोचणार नाही, असे मत मांडले होते. उत्तर अटलांटिकमधील कॉड, हेरिंग यांसारखी मासळी त्यांच्या डोळ्यांपुढे होती. तत्कालीन साधनांचा विचार करता ते मत सर्वस्वी अवास्तव नव्हते. पण साधने बदलली तरी मत कायम राहिले, आणि शासनव्यवहारात तर ते पुढे शतकभर टिकून राहिले.

वसाहतकालीन शासनाला मासळीत रस निर्माण झाला तो मुख्यतः मिठाच्या वाटेने. मिठावर कर होता, १८८८ ते १९०३ या काळात तो मणामागे अडीच रुपये इतका चढा होता, आणि ताजी मासळी टिकविण्याचे बर्फाखेरीजचे साधन म्हणजे मीठच. तेव्हा खारवण्यासाठी लागणाऱ्या मिठाची किंमत हीच किनाऱ्यावरील धंद्याची मर्यादा ठरली. मिठाच्या करात सवलत देऊन सरकारी देखरेखीखाली मासे खारवण्याची आवारे काढण्यात आली. त्यांच्या नोंदी महसूल खात्याच्या असल्यामुळे त्यांत मिठाचा हिशेब चोख आणि मासळीचा जेमतेम आहे. ठाणे व मुंबईच्या किनाऱ्यावरील बोंबील मात्र या हिशेबातून बहुतांशी निसटला, कारण तो बांबूच्या वलांडींवर नुसत्या उन्हावाऱ्यात वाळतो. इतिहासकाराच्या दृष्टीने ही गंमत विचारात घेण्याजोगी आहे : ज्या मासळीवर उत्तर कोकणातील शेकडो कुटुंबे जगत होती ती मिठाविना टिकत असल्यामुळे सरकारी कागदावर फारशी उमटलीच नाही.

१८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने सुरुंग आणि विष यांच्या साहाय्याने मासे मारण्यास बंदी केली व किनाऱ्यापासून एक सागरी लीग, म्हणजे तीन सागरी मैलांपर्यंतचे पाणी आपल्या कक्षेत घेतले. त्यापलीकडे समुद्रावर कोणाचा हक्क आणि कोणते बंधन, याविषयी कायदा मौन होता.

पुढे १९२१-२२ मध्ये 'विल्यम कॅरिक' हा वाफेवर चालणारा ट्रॉलर मुंबईच्या समुद्रात प्रयोगादाखल फिरविण्यात आला. मासळी मिळाली, पण खर्चाचा मेळ बसला नाही आणि प्रयोग सोडून देण्यात आला. १९३० च्या दशकाच्या आरंभी एच. टी. सोर्ली या मुलकी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्याच्या सागरी मासेमारीचा जो अहवाल तयार केला तो या विषयावरील वसाहतकाळातील सर्वांत विचक्षण दस्तऐवज मानावा लागतो. तरीही वसाहतकालीन चर्चेचा रोख एकंदरीत धंद्याच्या मागासलेपणावर राहिला : भांडवल नाही, बर्फ नाही, वाहतूक नाही. समुद्र कमी पडेल ही शंका त्या चर्चेच्या केंद्रस्थानी कधी आली नाही.

जुन्या मर्यादांचे स्वरूप

यंत्रपूर्व काळात मासेमारीवर मर्यादा होत्या, हे निर्विवाद आहे. त्या कोठून आल्या याविषयी मात्र अलीकडील लेखनात बरेच भाबडेपण आढळते. कोळी व गाबीत समाज 'निसर्गाशी एकरूप' होते, म्हणून त्यांनी समुद्र राखला, असे सांगण्याची एक रीत पडली आहे. या विधानाने त्या समाजांचा गौरव होतो खरा, परंतु त्यांचा इतिहास हरवतो.

पावसाळ्यातील विश्रांतीचे उदाहरण घ्यावे. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की शिडाच्या होड्या ओढून किनाऱ्यावर घेतल्या जात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून पुन्हा पाण्यात लोटल्या जात. या काळात अनेक जातींची मासळी अंडी घालते, त्यामुळे विश्रांतीचा लाभ समुद्राला होई. परंतु ती विश्रांती मुळात खवळलेल्या समुद्राने लादलेली होती. संयम आणि अशक्यता यांचे परिणाम सारखे असले तरी ती एक नव्हेत. डिझेल इंजिनाच्या नौकेला पावसाळ्यात जाणे शक्य झाले तेव्हा हा फरक उघड झाला, आणि जे काम पूर्वी वारा करीत असे ते शासकीय आदेशाला करावे लागले. महाराष्ट्रात ही बंदी पूर्वी १० जून ते १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यांपैकी आधी येणाऱ्या दिवसापर्यंत असे. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर एकसमान धोरण म्हणून १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मुदत ठरली. अशा रीतीने बंदीच्या मुदतीतून नारळी पौर्णिमेचा संदर्भ गळाला. सण राहिला, पण त्याच्या आधीच नौका समुद्रात जाऊ लागल्या.

दुसरी मर्यादा जागेची. उत्तर कोकणातील डोल हे पिशवीसारखे निमुळते जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहाच्या तोंडावर बांधले जाते. माशाचा पाठलाग करणे हे त्याचे काम नाही; प्रवाह जे आणील ते त्यात येते. बोंबील, मांदेली, जवळा, करंदी ही त्याची मुख्य मिळकत. डोल बांधण्यासाठी समुद्रतळात खुंट रोवावे लागतात आणि अशा जागेला 'कव' म्हणतात. कवीवर कुटुंबाचा वा गावाचा वहिवाटीचा हक्क चालत आला आहे. शासनाच्या लेखी समुद्र सर्वांना मोकळा असताना कोळ्यांच्या लेखी तो हक्कांनी आखलेला होता, ही बाब महत्त्वाची आहे. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामायिक संपत्तीच्या शोकांतिकेचा सिद्धांत मांडला, त्यात सामायिक आणि बेवारस यांची गल्लत झाली असल्याचे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या १९९० मधील ग्रंथानंतर सर्वमान्य झाले. कवीची वहिवाट हे त्याचे आपल्या दारातील उदाहरण होय.

तिसरी मर्यादा श्रमाची, आणि ती दक्षिण कोकणातील रापणीत स्पष्ट दिसते. होडीतून अर्धवर्तुळाकार सोडलेले लांबलचक जाळे दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून ओढून घ्यायचे, त्यासाठी पुष्कळ माणसे लागायची आणि मिळालेल्या तारली-बांगड्यांत ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असायचा. रापण मासळीकडे जात नाही; मासळीचा थवा किनाऱ्याजवळ येईपर्यंत वाट पाहते. म्हणूनच किनाऱ्याजवळचे पाणी निरोगी आहे की नाही हे रापणकराला सर्वांत आधी कळते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. रापणीच्या वा डोलीच्या जाळ्यात लहान पिल्ले येत नाहीत असे मुळीच नाही. डोलीच्या बारीक आसाच्या टोकात पापलेटची पिल्ले मोठ्या प्रमाणावर येतात, ही तक्रार खुद्द मच्छीमारांचीच आहे. शिवाय तारलीसारखी मासळी यंत्रांच्या आधीही मधूनमधून नाहीशी होत असे. १९४० च्या दशकात मलबार किनाऱ्यावर तारली इतकी घटली की मद्रास सरकारला विशिष्ट जाळ्यांवर निर्बंध घालावे लागले. त्या वेळी तेथे यांत्रिक ट्रॉलर नव्हते. म्हणजे प्रत्येक घट ही अतिमासेमारीची आणि प्रत्येक अतिमासेमारी ही यंत्राची, असे समीकरण मांडता येत नाही.

यंत्र, नायलॉन आणि कोलंबी

स्वातंत्र्योत्तर काळात 'उत्पादन' हा शब्द मासेमारीला चिकटला. १९४६ मध्ये मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र सुरू झाले, १९४७ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था स्थापन झाली, १९५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यासाठी भारत-नॉर्वे प्रकल्पाचा करार झाला. मुंबई राज्यात व पुढे महाराष्ट्रात सहकारी संस्थांच्या द्वारे इंजिनांसाठी कर्ज आणि अनुदान मिळू लागले. सुताच्या जाळ्यांच्या जागी नायलॉन आले. सुताचे जाळे कुजते, त्याला वारंवार वाळवावे व रंगवावे लागते. नायलॉनचे जाळे कुजत नाही, म्हणजे ते अधिक दिवस पाण्यात राहते. मासेमारीचा 'प्रयत्न' वाढविणारा हा बदल इंजिनाइतकाच मूलगामी होता, पण त्याची नोंद कोठे फारशी होत नाही.

या बदलाला केवळ ऱ्हासाची सुरुवात म्हणणे अन्यायाचे होईल. इंजिनामुळे वादळात सापडलेली होडी परत येण्याची शक्यता वाढली, मासळी ताजी असताना बंदराला लागू लागली, सावकार व दलाल यांच्या कचाट्यातून काही संस्थांना मोकळे होता आले. सातपाटीसारख्या गावातील सहकारी चळवळीचा इतिहास या दृष्टीने स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

दिशा बदलली ती कोलंबीमुळे. अमेरिका आणि जपान येथील बाजारपेठेत गोठविलेल्या कोलंबीला मागणी आली, १९६६ च्या रुपयाच्या अवमूल्यनाने निर्यात अधिक किफायतशीर झाली आणि १९७२ मध्ये सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण स्थापन झाले. कोलंबी तळाशी राहते, म्हणून तळ घासत जाणारे ट्रॉल जाळे आले. आणि ती उथळ, चिखलाळ पाण्यात अधिक सापडते, म्हणून हे जाळे नेमके त्याच पट्ट्यात फिरू लागले जेथे लहान होड्यांची मासेमारी चालत होती आणि जेथे इतर मासळीची पिल्ले वाढतात. खोल समुद्रासाठी म्हणून पुरस्कारलेले तंत्र प्रत्यक्षात किनाऱ्यालगत वापरले गेले. विसाव्या शतकातील भारतीय मासेमारीच्या इतिहासात याहून अधिक दूरगामी विपर्यास क्वचितच सापडेल.

आवकेचे आकडे मात्र चढत गेले. ते का चढले हे एका साध्या काल्पनिक हिशेबाने समजेल. समजा, एका बंदरातील दहा होड्या प्रत्येकी दहा टोपल्या आणतात. काही वर्षांनी होड्या तीस होतात आणि प्रत्येकीला पाचच टोपल्या मिळतात. बंदराची आवक शंभरावरून दीडशेवर जाते, अहवालात पन्नास टक्के वाढ नोंदली जाते, आणि प्रत्येक घरात मासळी निम्म्यावर येते. त्यातही टोपलीतील मासळी तीच राहिली आहे काय, हा प्रश्न उरतोच. पूर्वी फेकून दिली जाणारी किरकोळ मासळी फिशमीलसाठी विकली जाऊ लागली की तिचेही वजन आवकेत मिळते. मोठ्या शिकारी माशांच्या जागी लहान मासळीचा वाटा वाढत जाण्याची ही जगभरातील प्रक्रिया डॅनियल पॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिली. त्याआधी १९९५ मध्ये पॉली यांनीच आणखी एक मार्मिक निरीक्षण नोंदविले होते : प्रत्येक पिढीतील शास्त्रज्ञ आपल्या तारुण्यात पाहिलेला समुद्र हाच मूळचा समुद्र समजतो, आणि घसरण मोजण्याची आधाररेषाच पिढीगणिक खाली सरकत जाते.

या सरकत्या आधाररेषेवर उतारा म्हणून एक दुर्लक्षित साधन सुचवावेसे वाटते. मासळी बाजारातील कोळी स्त्रिया बरीच मासळी वजनाने न विकता 'वाट्या'ने विकतात. एका वाट्यात किती नग येतात, त्यांचा आकार केवढा, याची स्मृती विक्रेत्या स्त्रियांजवळ दोन-तीन पिढ्यांची असते. टनांच्या आकड्यात न दिसणारी आकाराची घट तेथे दिसते. मौखिक इतिहासाच्या पद्धतीने ही माहिती गोळा करण्याचे काम किनारी जिल्ह्यांतील महाविद्यालयांना सहज करता येण्याजोगे आहे.

तंट्यांची साक्ष

यांत्रिकीकरणाचा पहिला मोठा तंटा उभा राहिला तो कोकणाला लागूनच असलेल्या गोव्यात. तेथील रापणकारांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात किनाऱ्यालगत फिरणाऱ्या ट्रॉलरविरुद्ध आंदोलन उभारले. माथानी साल्ढाना हे त्याचे प्रमुख नेते. राष्ट्रीय पातळीवर मच्छीमारांचे संघटन होण्यास हे आंदोलन कारणीभूत ठरले. १९७६ हे वर्ष दोन कारणांनी निर्णायक आहे. त्या वर्षीच्या सागरी क्षेत्र कायद्याने १२ सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र आणि २०० मैलांचे अनन्य आर्थिक क्षेत्र निश्चित केले; आणि त्याच वर्षी लहान व यांत्रिक नौकांची क्षेत्रे विभागण्याच्या प्रश्नावर केंद्र सरकारने मजुमदार समिती नेमली. राज्यघटनेनुसार प्रादेशिक समुद्रातील मासेमारी हा राज्यांचा विषय असल्याने केंद्राला नमुना विधेयकच पाठविता आले. केरळ आणि गोव्याने १९८० मध्ये, तर महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदा केला. तो १९८२ पासून अमलात आला.

महाराष्ट्रात यांत्रिक ट्रॉलरना मज्जाव असलेले पाणी ठरविताना किनाऱ्यापासूनच्या अंतराऐवजी खोलीचे माप स्वीकारण्यात आले : भागाभागांनुसार पाच ते दहा वाव. दोन्ही हात पसरून दोरी मोजण्याचे हे नाखव्यांचे जुने माप कायद्याच्या भाषेत आले याचे कौतुक वाटते. पण गस्ती नौकेवरील अधिकाऱ्याने चालत्या ट्रॉलरखालील खोली किती वाव होती हे नंतर सिद्ध करायचे कसे, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. शिवाय गुन्ह्याचा निवाडा तहसीलदाराकडे होता, ज्याच्या टेबलावर जमिनीचीच प्रकरणे साचलेली असत. २०२१ च्या दुरुस्तीने हे अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आले आणि दंडाच्या रकमा लाखांच्या घरात गेल्या. मधल्या चाळीस वर्षांत कायदा कागदावर होता.

त्या चाळीस वर्षांतच पर्ससीन आले. थव्याला वेढा घालून तळाची दोरी आवळली की संपूर्ण थवाच नौकेत येतो. बांगडा आणि तारली किनाऱ्याजवळ येण्याची वाट पाहणाऱ्या रापणीच्या दृष्टीने हे जाळे म्हणजे वाटेतच घातलेला अडसर होता. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या जिल्ह्यांत पारंपरिक आणि पर्ससीनधारक यांच्यात समुद्रावर आणि किनाऱ्यावर संघर्ष झाले. राज्य शासनाने डॉ. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनचे क्षेत्र, हंगाम आणि परवान्यांची संख्या यांवर मर्यादा आणल्या. १० नोव्हेंबर २०१७ रोजी केंद्र सरकारने प्रखर एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. दिव्याने थवा गोळा करावा लागतो, याचा अर्थ तो आपोआप पूर्वीइतका सापडत नाही, असाही घेता येतो. तंत्राचा प्रत्येक नवा टप्पा हा अशा रीतीने साठ्याविषयीचे विधानही असतो.

तथापि तंटे केवळ पारंपरिक विरुद्ध यांत्रिक असेच असते तर त्यांचे वाचन सोपे झाले असते. उत्तर कोकणातील कवींचा वाद या सुटसुटीत मांडणीला छेद देतो. वसई, उत्तन, मढ या भागांतील डोलधारक आपल्या कवी उत्तरेकडे व अधिक खोल पाण्यात मारू लागले, तेव्हा त्या पाण्यात पापलेटसाठी 'दालदा' जाळी सोडणाऱ्या सातपाटी-डहाणूकडील मच्छीमारांनी हरकत घेतली. दोन्ही बाजू परंपरेचाच आधार घेतात, दोन्ही बाजूंना वहिवाट आहे, दोघेही लहान धंदेवाले आहेत. हा वाद नैतिक भूमिकेतून सुटत नाही. पण इतिहासाचे साधन म्हणून तो बोलका आहे : डोलधारकाला आपला गावचा समुद्र सोडून दूर का जावेसे वाटले? इंजिनाने ते शक्य केले हे अर्धे उत्तर झाले. उरलेल्या अर्ध्यासाठी घराजवळच्या पाण्याकडे, म्हणजे खाड्यांकडे पाहावे लागते.

खाडीचे मुख

किनारी मासळीचा मोठा भाग आयुष्याचा काही काळ खाड्यांत आणि कांदळवनांच्या आसऱ्याने काढतो. मुंबई परिसरातील भराव, ठाणे-बेलापूर व तारापूर येथील औद्योगिक वसाहती, महानगराचे सांडपाणी आणि कांदळवनांची तोड यांनी या आसऱ्याचे क्षेत्र आक्रसले. यांपैकी कशाचीही नोंद मत्स्यखात्याच्या आकड्यांत होत नाही, कारण तो त्या खात्याचा विषय नाही. नगररचना, उद्योग, बंदरे आणि वन या खात्यांची कागदपत्रे मासेमारीचा इतिहास लिहिताना वाचावी लागतात, ती यासाठी. १९९१ ची किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना, कांदळवनांच्या तोडीला मनाई करणारा मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ चा आदेश आणि ही तोड जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरविणारा त्याच न्यायालयाचा २०१८ चा निकाल ही या संदर्भातील महत्त्वाची साधने होत. १९९१ ची अधिसूचना पुढे २०११ आणि २०१९ मध्ये नव्याने काढण्यात आली. २०१९ च्या अधिसूचनेने बांधकामास अधिक मोकळीक दिली, अशी मच्छीमार संघटनांची तक्रार आहे.

मासळीच्या बाजूने काही पावले २०२३ मध्ये उचलली गेली. चंदेरी पापलेट हा राज्यमासा घोषित झाला आणि ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचा किमान कायदेशीर आकार ठरविण्यात आला. आवकेच्या वजनाऐवजी माशाच्या लांबीचा विचार राज्याच्या नियमांत प्रथमच एवढ्या विस्ताराने आला, म्हणून हा बदल लक्षणीय मानावा लागतो. त्याची अंमलबजावणी मात्र लिलावाच्या गडबडीत, बंदराच्या धक्क्यावर व्हायची आहे.

त्याच वर्षी डहाणू तालुक्यात आणखी एक निर्णय झाला. हा तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये स्थापन झालेल्या आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष असलेल्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण येथील नियोजित बंदराला नकार दिला. ३१ जुलै २०२३ रोजी याच प्राधिकरणाने वाढवण बंदराच्या नव्या प्रस्तावाला संमती दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मान्यता दिली व ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. दोन्ही निर्णयांमागील युक्तिवाद शेजारी शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. पंचवीस वर्षांत समुद्र बदलला, बंदराचा आराखडा बदलला, की 'नाजूक' या शब्दाचा अर्थ बदलला, हे त्यातूनच कळू शकेल.

१९ जानेवारी २०२४ रोजी या बंदराच्या संदर्भात पालघर येथे जनसुनावणी झाली. बंदराच्या विरोधात उभ्या राहिलेल्या मच्छीमारांचे म्हणणे प्रारंभापासून हेच राहिले आहे, की हा खडकाळ, उथळ पट्टा मासळीच्या प्रजननाची आणि वाढीची जागा आहे. सुनावणीचे इतिवृत्त, मच्छीमार संस्थांची निवेदने आणि प्रकल्पाचा पर्यावरणीय आघात अहवाल ही कागदपत्रे आज प्रशासकीय दप्तरात आहेत. गॅझेटियरने ज्या समुद्राचे वर्णन १८८२ मध्ये केले त्याच्याविषयी तेथील कोळ्यांनी, मांगेल्यांनी स्वतः काय म्हटले असते हे आपल्याला कधीच कळणार नाही, कारण ते त्या वेळी कोणी लिहून घेतले नाही. या वेळी ते लिहून घेतले गेले आहे.